पळसबनचा थांबा

समजा, तुम्ही एसटीच्या खिडकीशी बसला आहात. दप्तर मांडीवर आहे. खिडकीची काच अर्ध्यावर येऊन अडली आहे आणि बाहेर तुरी कापलेल्या रानावरून ऊन कलत चाललं आहे. तुमचं घर अजून यायचं आहे. तरीही तुम्ही उठता, शेजारच्या मैत्रिणीच्या गुडघ्यांना वळसा घालून बाहेर पडता आणि घराच्या एक थांबा आधीच गाडीतून उतरता. पुढे बांधावरून, ढेकळं तुडवत चालावं लागणार हे माहीत असूनही. का बरं कराल तुम्ही असं?

"जातो वं मी," असं रंजीताला म्हणून सरिता बेलगव्हाणच्या थांब्यावर उतरली.

उतरली, पण निघाली नाही. चहाच्या टपरीच्या आडोशाला उभं राहून तिनं पाण्याची बाटली उघडली, घोट घेतल्यासारखं केलं आणि झाकण सावकाश फिरवत राहिली. कंडक्टर उदयसिंगनं दोरी दोनदा ओढली. गाडी धूळ उडवत वळणाआड गेली, तेव्हा कुठे सरिता हलली. आपण कोणत्या बाजूला वळतो हे गाडीतल्या कोणाला दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

टपरीच्या बाकावर उकंडराव बसले होते. गावातले मोठे शेतकरी, संध्याकाळचा चहा इथेच घेणारे. त्यांनी तिला हाक मारली.

"काय वं देवमनच्या पोरी, तुमच्या त्या..." एवढं बोलून ते अडखळले. जुनं नाव अगदी ओठाशी आलं होतं. त्यांनी खाकरून घेतलं, बशीतला चहा संपवला. "तुमच्या तिकडची पाटी पाह्यली म्या. ब्येस दिसते."

"हो आबाजी," सरिता म्हणाली आणि देवळामागच्या पायवाटेला लागली.

उकंडरावांच्या ओठाशी आलेलं ते नाव इथे लिहिण्याचं कारण नाही. ते एका जातीचं नाव होतं. नाल्यापलीकडची पन्नासेक घरं त्याच नावानं ओळखली जायची. फार पूर्वी गावानं त्या माणसांना नाल्यापलीकडे ठेवलं, त्यांची विहीर वेगळी, वाट वेगळी, मसणवटही वेगळी. पुढे सरकारनं कायदे केले. शाळेत पोरं एका ओळीत जेवायला बसू लागली, पाण्याची टाकी एक झाली, नाल्यावर पूल झाला. पुष्कळ गोष्टी हळूहळू सरकल्या. नाव मात्र तिथेच राहिलं होतं. रस्त्याच्या कडेला तेच, सातबाऱ्यावर तेच, आणि एसटीच्या कंडक्टरच्या तोंडीही तेच.

सरिता आठवीत मानोऱ्याच्या शाळेत जायला लागली, तो पहिला दिवस तिला अजून आठवत होता. परतीच्या गाडीत उदयसिंगनं थांब्याचं नाव पुकारलं, नेहमीसारखं, खड्या आवाजात. त्याच्या मनात काही नव्हतं. वर्षानुवर्षं तो सगळेच थांबे तसे पुकारायचा. पण मागच्या बाकावर दुसऱ्या गावाची पोरं होती. त्यांनी ते नाव लांबवून परत म्हटलं, खिदळली, आणि कोण उठतं ते बघायला माना वळवल्या. उठली सरिता. बाकापासून दारापर्यंतची वाट तिला फार लांब वाटली. गाडी सुटल्यावरही खिडकीतून ते नाव तिच्या मागे येत राहिलं.

दुसऱ्या दिवसापासून ती बेलगव्हाणलाच उतरू लागली. पासवर गावाचंच नाव होतं, त्यामुळे कोणी विचारणार नव्हतं. वस्तीतली मोठी माणसं मानोऱ्याला जायची ती जीपनं किंवा कोणाच्या फटफटीवर. संध्याकाळच्या गाडीनं येणारी वस्तीची पोर ती एकटीच. आणि रंजीता, शेवटच्या थांब्यावरच्या तांड्यात राहणारी, त्या पहिल्या दिवसानंतर शाळेत आलेली, वर्गात एका बाकावर बसणारी, डब्यातलं लोणचं अर्धं करून देणारी रंजीता, तीही असंच समजून होती की सरिताचं घर बेलगव्हाणात, देवळामागे कुठेतरी आहे. सरितानं तसं कधी सांगितलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

आजीला, म्हणजे सोजरबाईला, तिनं एकदाच कारण दिलं होतं. गावातल्या दुकानातून वही आणायची होती म्हणाली. सोजरबाईनं नातीच्या पायांवरची बांधावरची काळी माती पाहिली, हौदाकडे बोट दाखवलं आणि भाकरी थापत राहिली. आईबाप पुण्याकडे बांधकामावर होते. घरात या दोघी आणि एक शेळी.

नाव बदलायची गोष्ट निघाली ती मागच्या दसऱ्याच्या सुमारास. ग्रामसभा भरली होती. सरपंच मनकर्णाबाई खुर्चीत होत्या. ग्रामसेवकानं वाचून दाखवलं की ज्या वस्त्यांना जातीवरून नावं पडली आहेत ती सरकार बदलत आहे. कागदावरची, पाटीवरची, सगळी. नवं नाव ग्रामसभेनं सुचवायचं.

तेव्हा उकंडराव उठून म्हणाले होते की पाटी बदलल्यानं काय होणार, घरं तर जिथल्या तिथेच राहतील. दोनचार जणांनी माना डोलावल्या. मग मागून, बायकांमधून, सोजरबाई उभी राहिली. सरिता तिच्या शेजारीच बसली होती. तिनं आजीचं लुगडं धरून ओढलं, पण आजी काही बसली नाही.

"भाऊ, काहीच होत नसन, तर मंग असं करू," सोजरबाई म्हणाली. "आमचं जुनं नाव तुमच्या गल्लीले देऊन टाकू. नाई तरी तुमाले काय फरक पडते?"

मग मनकर्णाबाईंनीच पदर तोंडाला लावला आणि त्या हसू लागल्या. त्यांच्यामागून सगळी सभा हसली. शेवटी उकंडरावही मिशांवरून हात फिरवत हसले आणि खाली बसले. त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही.

नावावरून मात्र वस्तीतच पुष्कळ बोलणं झालं. तरण्या पोरांनी थोर माणसांची नावं सुचवली. सोजरबाईनं ऐकून घेतलं. ती म्हणाली, त्या नावांपुढे तिचं डोकं रोजच झुकतं, विहाराला त्यातलंच एक नाव आहे आणि तिथे ते शोभतं.

"पन वस्तीले असं नाव द्या," ती म्हणाली, "का आयकनाऱ्याले गाव कुठं हाय तेवढंच समजलं पायजे. तिथं कोन राह्यते, ते त्यानं येऊन पाहावं."

नाल्याकाठी पळसाची झाडं होती. पुष्कळ तुटली होती, तरी थांब्यापाशी चांगली दाट उरली होती. पावसाळ्यात त्यांच्या पानांच्या पत्रावळी व्हायच्या आणि फाल्गुनात ती सगळी पेटल्यासारखी फुलायची. म्हणून नाव ठरलं पळसबन.

ठराव तालुक्याला गेला, तिथून वर गेला, हिवाळा सरला. आणि मागच्या रविवारी पाटी लागली. मनकर्णाबाईंनी पेढे वाटले, फोटो काढले गेले. सगळे पांगल्यावर सोजरबाई एकटीच पाटीजवळ गेली आणि नव्या अक्षरांवर कुठे धूळ नव्हती तरी पदरानं ती पुसून आली. सरिता ते लांबून बघत होती. तिला बरं वाटलं होतं. फार बरं वाटलं होतं.

पण पाटी म्हणजे लोखंड. ते एका दिवसात बदलतं. उदयसिंगकाकांची जीभ कशी बदलणार? सोमवारी गाडीत बसल्याबसल्या ती हाच विचार करत होती. ती पुढच्या थांब्यापर्यंत बसून राहिली, आणि काकांनी जुनंच नाव पुकारलं तर? नव्या पाटीसमोर, पळसाच्या फुलांखाली, तेच जुनं नाव तिला ऐकायचं नव्हतं. म्हणून ती बेलगव्हाणलाच उतरली. मंगळवारीही उतरली. आणि आजही.

बांधावरून चालताना तिनं रस्त्याच्या बाजूला पाहायचं टाळलं. नाला कोरडा होता. वाळूत शेळ्यांच्या पायांचे ठसे होते. ती घरी पोचली तेव्हा दार लोटलेलं होतं आणि आजी नव्हती. या आठवड्यात रोज असंच होत होतं. सरितानं चूल पेटवली, चहाचं पाणी ठेवलं. पाणी उकळायला लागलं तेव्हा सोजरबाई आली. डोक्यावर शेळीसाठी पाल्याची पेंढी, आणि हातातल्या फडक्याच्या गाठीत काहीतरी.

"घे. गार झाले," म्हणून तिनं गाठ सोडली.

हरभऱ्याचे भाजलेले घाटे होते. सालं काळी, आतला दाणा हिरवा. सरितानं एकेक सोलून खाल्ला. चव छान होती, पण गार झालेले घाटे थोडे चामट लागतात. पाला आणायला जाताना आजी घाटे भाजून सोबत कशाला नेते, आणि नेऊन परत कशाला आणते, हे तिच्या मनात आलं. तिनं विचारलं नाही. आजीनंही तिच्या पायांवरच्या मातीबद्दल विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दोघी मैत्रिणी मानोऱ्याच्या बसस्थानकावर गाडीची वाट बघत होत्या. पोहरादेवीच्या दर्शनाला जाणाऱ्या माणसांची गर्दी होती, गाड्या भरून जात होत्या. रंजीता सिमेंटच्या कठड्यावर पाय हलवत बसली होती आणि आपल्या काकाच्या नकला करत होती. उदयसिंग तिचा सख्खा काका.

"तुले गंमत सांगू? आमचा काका पागल झाला," रंजीता म्हणाली. "डेपोत साह्यबानं सांगतलं, त्या थांब्याचं नाव आता पळसबन. जुनं तोंडातून निंगालं नाई पायजे. तं हा घरी आरशापुढं उभा राहून म्हनते, पळसबन, पळसबन. काकू म्हने, कोन बाई हाय ते पळसबन?"

सरिता हसली. मग तिचं हसू थांबलं.

"मंग गाडीत काय म्हनते?"

"तेच म्हनते. सोमवारपासून. तू अगोदर उतरून जातं ना, तुले कुठून माईत राहीन? एकदा जीभ घसरली, तं यानं सोताच्याच गालात मारून घेतली. सारी गाडी हासली." रंजीतानं पाय हलवणं थांबवलं. "आन गाडी थांबवते रोज. तिथं एक म्हातारी उभी राह्यते झाडाखाली. काकाले वाटलं चढाचं असन. तं ते काही चढत नाई. उतरत बी कोनी नाई. काका इचारते, आजी, कुठं जाचं? ते म्हने, कुठंच नाई, नातीची वाट पाहून राह्यली."

सरिताच्या हातात पाण्याची बाटली होती. तिनं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

"ड्रायव्हर कटकट करते," रंजीता सांगत होती. "पन काका गाडी थांबवतेच. रोज म्हनते, आजी, तुमची नात आज बी नाई आली. तं ते म्हातारी म्हनते, येईन. घाई नाई."

गाडी आली. दोघी चढल्या, नेहमीच्या खिडकीशी बसल्या. काच आजही अर्ध्यावर अडलेली होती. उदयसिंगनं पास पाहिले, कोणाला तरी सुट्ट्या पैशांवरून चिडवलं, एका म्हाताऱ्याची पिशवी उचलून बाकाखाली सरकवली. गाडी मानोऱ्याबाहेर पडली. रंजीता गणिताच्या बाईंबद्दल काहीतरी सांगत होती. सरिता मान हलवत होती. तिचं लक्ष बाहेर होतं. रस्त्याच्या एका बाजूला सोंगून ठेवलेला हरभरा होता. त्याचे ढीग एकामागून एक मागे जात होते.

बेलगव्हाण आलं. टपरीवर उकंडराव बशीत चहा ओतत होते. गाडी थांबली, माणसं उतरली. रंजीतानं सवयीनं गुडघे बाजूला घेतले.

सरिता बसून राहिली.

"उतरत नाई काय वं?"

"पुढं उतरतो."

"पुढं कोनाच्या घरी?"

"माह्या."

दोरी दोनदा ओढली गेली. गाडी सुटली. रंजीता तिच्याकडे बघत होती. खिडकीबाहेर देऊळ मागे गेलं, देवळामागची पायवाट मागे गेली. रंजीतानं काहीतरी जुळवून पाहिलं असावं, कारण तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"मंग ते म्हातारी..."

"माही आजी हाय."

गाडी वळणावर कलली तेव्हा दोघींचे खांदे एकमेकांवर आदळले, आणि गाडी सरळ झाल्यावरही रंजीता दूर सरकली नाही.

"तिच्या फडक्यात काय राह्यते वं?" तिनं विचारलं. "काका म्हनते, वास लय मस्त येते."

"घाटे. भाजलेले."

"आन तू रोज एकटीच खातं," रंजीता म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. पण तिनं सरिताचं दप्तर ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं, उठताना तिला अडचण होऊ नये म्हणून.

पूल आला. पुलापलीकडे पळसं दिसू लागली. पानं झडून गेली होती आणि काळ्या फांद्यांवर नुसती केशरी फुलं होती. उदयसिंग दाराशी जाऊन उभा राहिला, एक हात दोरीवर ठेवला आणि सवयीनं मागे वळून पाहिलं. त्याची नजर सरितावर थांबली. ही पोर तर गावात उतरते. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा रस्त्याकडे पाहिलं. नेमकी आजच त्याची जीभ गोंधळली. तोंड उघडलं होतं, पण कुठलं नाव बाहेर येणार हे त्यालाच ठाऊक नसावं.

सरितानं थांबून पाहिलं नाही. ती उठून उभी राहिली.

"पळसबन," ती म्हणाली.

फार मोठ्यानं नाही. पण गाडीत ते सगळ्यांना ऐकू गेलं. मागच्या बाकावरची पोरं होतीच. त्यांनी माना वळवल्या. एकानं खिडकीतून वाकून फुलं पाहिली आणि शेजारच्याला दाखवली. उदयसिंगनं तोंड मिटलं आणि दोरी एकदा ओढली.

रंजीताकडून दप्तर घेऊन सरिता उतरली. पळसाखाली सोजरबाई उभी होती, पण तिची पाठ गाडीकडे होती. ती नाल्याच्या दिशेनं, बेलगव्हाणहून येणाऱ्या पायवाटेकडे बघत होती. इथून ती वाट सगळी दिसते हे सरिताला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. वाटेवर चालणारं माणूस, त्याच्या खांद्यावरचं दप्तर, सगळं दिसतं.

"आजी," सरितानं मागून हाक मारली.

सोजरबाई वळली. तिनं आधी नातीच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं. पायांवर माती नव्हती.

"आली?" ती म्हणाली.

"आली."

एवढंच. सोजरबाईनं फडकं पुढे केलं. सरितानं ते धरलं आणि पटकन हात बदलला. घाटे अजून चटका लागण्याइतके गरम होते.

मागे गाडी गुरगुरत उभी होती. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं आणि एकदा हॉर्न वाजवला. उदयसिंगनं दोरी ओढायला हात वर नेला, आणि तो तसाच धरून ठेवला.

कारण सरिता परत गाडीकडे धावली होती. टाचा उंच करून तिनं फडकं उघडलं, मूठ भरली, आणि जिथे काच अर्ध्यावर अडते त्या खिडकीतून आत हात घातला.